मेलेला गडी उठतो की नाही

१ जानेवारी १९८४, रविवार. सकाळ.
संकल्प. एक, रोज डायरी. दोन, कोणावर जळायचं नाही. (मी जळत नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.) तीन, लढाईच्या खेळाचं पंचपद सोडायचं. लोक फारच अवलंबून राहतात.

दुपार.
पंचपद सोडत नाही. लोक तयार होणार नाहीत. विचारलं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं.

८ जानेवारी, रविवार
डायरी आठवडाभर राहिली. ऑफिस.
दर रविवारी शहापुरात पुंडलिकरावांच्या छपरीत दोन फळ्या जोडून खेळ मांडतो. पुस्तक जागेश्वरने फौजेतून आणलं, इंग्रजी. समजणारा मी एकटा. दोनशे पानी वहीत नियमांचं मराठी मी केलं. शिपाई पितळी, भांड्यांच्या कारखान्यातल्या बाबुलालने ओतलेले. घोडदळाला पोरांचे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी.
आज जागेश्वरने एक पाहुणा आणला. टेकचंद, कारध्याच्या शाळेतला नवा गणिताचा मास्तर. वय सव्वीस. सायकलला डायनॅमो. बरा वाटला. मला ‘काका’ म्हणाला. मी एक्केचाळीस.
जाताना पुस्तक वाचायला मागितलं. दिलं. काय कळणार आहे?

१५ जानेवारी, रविवार
कळलं म्हणतो.
विषय जवळच्या लढाईचा. दोन शिपाई भिडले की फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडला की समोरचा मेला. पुस्तक म्हणतं, त्याला उचलून बाजूला ठेवा. परत कधी आणायचा ते लिहिलंच नाही. लेखक विसरला असावा, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी भर घातली: आपण शत्रूचा एक मारला की आपला एक मेलेला उठतो. कबड्डीत तसंच असतं. कोणाला शंका आली नाही.
टेकचंद पुस्तकाचं पान अकरा दाखवून म्हणतो, मेला तो मेला. शिवाय दोघांनी एकाच वेळी वार करायचा. मेलेल्याचाही वार धरायचा, मग जे मेले ते उचलायचे.
मी विचारलं, मेलेला मारेल कसा? काहीही!
गंमत म्हणून एक डाव त्याच्या पद्धतीने खेळू दिला. चाळीस मिनिटांत संपला. जागेश्वर फळीभोवती नाचला. म्हणाला, “केवळभाऊ, दोन वर्षांत आज पयल्यांदा कोनीतरी जिकलं!”
लढाई न संपणं हेच आपल्या खेळाचं वैशिष्ट्य होतं. पण सांगायचं कोणाला?
घरी लवकर पोचलो. रुखमिणी म्हणाली, “आज जेवाले टायमावर कसे आले जी? भांडन झालं का?”

१८ जानेवारी
पोटात आग. भाजीत तिखट जास्त होतं.

२२ जानेवारी, रविवार
सगळे टेकचंदला ‘सर’ म्हणतात. पुंडलिकरावांनी त्याला खुर्ची दिली. ती माझी खुर्ची. मी धानाच्या पोत्यावर बसलो. उंच असल्यामुळे तिथून खेळ चांगला दिसतो.
माझी वही कुठे आहे विचारलं. चहाची उकळती गंजी चुलीवरून उतरवून तिच्यावर ठेवली होती.
जळलो. लिहूनच टाकतो. जळलो.

२३ जानेवारी
कालची शेवटची ओळ रद्द. पित्त होतं.

२९ जानेवारी, रविवार
टेकचंद घरी आला, पुस्तक परत करायला. रुखमिणीने त्याला पोहे दिले, वर शेंगदाणे. मला शेंगदाणे सोसत नाहीत म्हणे. तो गेल्यावर म्हणाली, किती शांत मास्तर आहे. मी त्याच्या स्वभावातले चार दोष सांगितले. ती म्हणाली, “तुमचं पोट काहून दुखून राहिलं?”
निर्णय: उघड सामना. जो जिंकेल तो कायमचा पंच.

५ फेब्रुवारी, रविवार
आव्हान दिलं. टेकचंद म्हणाला, “काका, पंच तुम्हीच राहा नं, मले कायले पाह्यजे?” हा कावा मी ओळखला. सामना पुढच्या रविवारी.
नियमांवर तडजोड. मेलेला उठणार नाही, हे मी मोठ्या मनाने सोडलं. मेलेला मारणार नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. ज्याची पाळी त्याचाच वार.

९ फेब्रुवारी
रोज घरी फासा टाकण्याचा सराव. मनगटाची एक खुबी सापडली आहे. बावन्नपैकी एकोणीस वेळा पाच किंवा सहा. जिंकल्यावरचं भाषण तयार. टेकचंदचा उल्लेख त्यात उदारपणे केला आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
शेवटी माझा एक सरदार, त्याचा एक शिपाई. दोघे भिडलेले. पाळी त्याची. फासा टाकला. सहा.
जागेश्वरने माझा सरदार उचलायला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं आणि ओरडलो, थांब! पान अकरा! मेलेल्यालाही त्याच फेरीत वार करायचा हक्क आहे!
 पुंडलिकराव चहा प्यायचे थांबले. मग माझं बोलणं मला ऐकू आलं.
टेकचंद हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने फासा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाला, “बरोबर हाये काका. टाका.”
मनगटाची खुबी वापरली.
एक पडला.

१९ फेब्रुवारी, रविवार
भाषण फाडलं. पंच टेकचंद. माझी वही त्यानेच पुसून मला परत दिली, म्हणाला अक्षर छान आहे.
माझ्याकडे नवीन काम: मेलेले मोजून डब्यात ठेवायचे. जबाबदारीचं आहे, सगळ्यांना जमत नाही.
आज सव्वीस मेले. झाकण लावल्यावरही थोडा वेळ डब्याजवळ बसलो होतो.
कोणी उठलं नाही.