घरात राहणारी माणसं

२ मार्च

चि. सौ. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. नातजावयांनाही अर्धे वाटून दे. वि. वि.

तुझं पत्र सकाळी आलं आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही म्हणशील तर खोटं होईल. पाववाल्याला सांगितलं, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, की आजी अभिनंदन, पण मीटरपुढची बादली तेवढी सरकवा. मी पणजी होणार! दुधापेक्षा साय गोड म्हणतात. मग सायीच्या पोटी येईल ते काय? लोणीच की!

माझं अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस. दुसरीत शाळा सोडली तेव्हा जोडाक्षरं यायची होती, ती राहून गेली. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझा बाप घरी असला की मध्येच बोलून घालवतो. त्यापेक्षा हे बरं. पत्र उशीखाली ठेवता येतं.

माझा नवा खुबा बरा आहे. काठी घेऊन नळापर्यंत जाते. लांबच्या गाडीत बसायला मात्र डॉक्टरांनी पावसाळा संपेपर्यंत मनाई केली आहे, नाहीतर तुझं पत्र वाचून मी इथे लिहीत बसले असते का? ऑपरेशनला एक पै लागली नाही. म्हाताऱ्या माणसांचं सगळं सरकारी योजनेत होतं, वय सांगितलं की झालं. आयुष्यात पहिल्यांदा वयाचा उपयोग झाला.

त्यावरून मनात किडा वळवळला. तू तर चष्म्याच्या दुकानातलं काम सोडलंस. उभं राहून कंबर धरायची, सोडलंस ते चांगलंच केलंस. पण आपल्याकडे सायकलवाली ताई येते ना, दवाखान्याची, माझ्या पायाचे व्यायाम करून घेते आणि माझा चहा गार होऊ देते, ती म्हणाली की काम सुटलं की त्या कामाबरोबरचा विमाही सुटतो. मग तुझं बाळंतपण कशात बसणार? तिने वाटा सांगितल्या त्या मी बोटावर मोजून आणल्या. बापाच्या नोकरीतून होतं का, नवऱ्याकडून होतं का, नाहीतर सरकार पोटुशा बाईचं वेगळं बघतं का. तिकडच्या कचेरीत जाऊन तिन्ही विचार. लाजू नकोस. विचारायला लाजलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पुढे रांगेत तीच मागे असतात.

दूध पितेस ना? नाक धरून पी.

लोभ आहे तो वाढव, कमी करू नकोस.

तुझी,
आजी

---

१४ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

दूध पिते. नाक धरून, तोंड वाकडं करून, तुझं नाव घेऊन. जावयांना तुझे अर्धे आशीर्वाद दिले. ते म्हणाले, मोठा वाटा स्वतःकडे ठेवलास.

तुझ्या तिन्ही बोटांचं उत्तर आणलं आहे. बाबांच्या ट्रक कंपनीचा विमा मुलं शिकती असेपर्यंतच असतो. माझं शिक्षण कधी संपलं ते तुला माहीत आहे, शिक्षकांनाही आनंद झाला होता. यांनी स्वतःचं खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचं दुकान काढलं, म्हणजे यांच्यामागे मालक नाही. स्वतःचा धंदा असलेल्यांना हप्ता भरून योजनेत येता येतं, पण बाळंतपणासाठी आधी थांबावं लागतं. कचेरीच्या खिडकीतली बाई हसून म्हणाली, की तुम्हाला लागू होईल तेव्हा बाळ स्वतः चालत इथे येईल.

तिसरं बोट मात्र खरं निघालं. पोटुशा बाईची तपासणी, औषधं, बाळंतपण, पुढे बाळाचं पहिलं वर्ष, सगळं सरकार बघतं. नोकरी असो नसो. फक्त जिथे राहता तिथे नाव लावायचं. मी इतकी खूश झाले की त्या बाईला आपल्या गल्लीची सगळी माहिती सांगितली. तिने माझं नाव यंत्रात घातलं आणि थांबली. म्हणाली, तुम्ही तर आधीच एका घरात राहता. आजीच्या.

आजी, सायकलवाल्या ताई दरवर्षी घरात कोण कोण राहतं ते विचारायला येतात, तेव्हा तू काय सांगतेस गं? माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली!

एक माणूस दोन घरांत राहू शकत नाही, असा नियम आहे. नाव कमी करायचं तर घरच्या कर्त्या माणसाने तिथल्या खिडकीवर स्वतः जाऊन सांगायला हवं, आणि आपल्या घरात कर्ती तू. ते नको असेल तर दुसरी वाट अशी, की बाळंतपणाला मी तिकडे यायचं. तिथे माझं नाव चालूच आहे, सगळं तिथे होईल. तुझं काय म्हणणं ते कळव. मला इथे जिना चढताना तुझी फार आठवण येते. का जिना, ते मला ठाऊक नाही. आपल्याकडे तर जिनाच नाही.

काठी घेऊन फार फिरू नकोस. लोभाची रोज गरज असते, रोज पाठव.

तुझी,
भिंगरी

---

२३ मार्च

चि. सौ. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि या खेपेला सगळे तुलाच. वि. वि.

काय सांगते म्हणजे? खरं तेच सांगते. सायकलवाली ताई विचारते, घरात कोण राहतं. मी म्हणते, मी, माझा लेक आणि माझी नात. तुझा बाप महिन्यातून दोन रात्री येतो, जेवतो, घोरतो आणि ट्रक घेऊन जातो. त्याला राहतो म्हणतात. आणि तू, जिला मी आईवेगळी झाल्यापासून याच खोलीत वाढवलं, जिचा पलंग आहे, जिची तुटक्या दांडीची छत्री अजून खुंटीला आहे, ती राहत नाही? हे कुठलं गणित! ताईने पहिल्या वर्षी विचारलं होतं, की नात दिसत नाही. मी म्हटलं, बाहेर गेली आहे. मग? बाहेरच गेली होतीस ना?

तेव्हा नाव कमी करायचं नावच काढू नकोस. सरळ ये! बघ, माझ्या चुकीने कसं सगळं जुळून आलं. याला म्हणतात आंधळा मागतो एक डोळा.

मी कामाला लागले. तुझ्या पलंगाच्या फळ्या उन्हात टाकल्या. खिडकीला रंग दिला, म्हणजे मी खुर्चीवर बसून कुठे राहिलं ते दाखवलं आणि शेजारच्या शिंप्याने दिला. तो म्हणाला, आजी, पाय नवा मिळाला पण तोंड जुनंच आहे. त्याने जुन्या चादरींची लहान लहान दुपटी शिवून दिली आहेत. ती मी घडी करते, मोडते आणि पुन्हा करते.

खरं सांगू का. तुझी पाठवणी केली तेव्हा मी मोठी शहाणी असल्यासारखी दारात उभी होते. गाडी वळल्यावर आत आले आणि दोन ताटं घेतली. पुढे कितीतरी दिवस दोनच घेत होते. दुसरं परत ठेवायचं, त्यात काय एवढं. पण आता घेतलं की ठेवायला नको, एवढंच मनात आहे.

कधी निघतेस? जावयांना म्हणावं, रुसू नका, बायको परत देऊ, सोबत व्याजही देऊ.

लोभ घेऊनच ये, पत्रात घालून धाडू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
आजी

---

१ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

रविवारच्या बसचं तिकीट काढलं आहे. संध्याकाळी बसले की दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या दारात. हे रुसले आहेत पण सगळ्यात पुढची जागा त्यांनीच मागून घेतली, पाय पसरायला मिळावेत म्हणून.

पायांची गंमतच झाली आहे. माझी एकही चप्पल मला होत नाही. यांच्या चपला घालून फिरते, बदकासारखी. बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नाही. सकाळी डोकं ठणकतं, पण दुपारी उतरतं, बहुतेक उन्हामुळे. महिनाभर तपासणीला गेले नाही. नाव लागलं नाही तोवर प्रत्येक वेळी पैसे मागतात, आणि म्हटलं, आता तुझ्याकडेच येते आहे तर सगळं तिथेच एकदम दाखवू. तू काळजी करू नकोस. आजारी बिजारी नाही, नुसती फुगले आहे.

दोन ताटं काढून ठेव. बाकी भेटीत.

तुझी,
भिंगरी

---

९ एप्रिल

चि. सौ. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद, गोळ्यांबरोबर घे. वि. वि.

जावयांचा निरोप मिळाला, की तुला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, रक्तदाब उतरला, घरी सोडलं, बाळ पोटात लाथा मारतं आहे. मारू दे. माझ्याकडून त्याला शाबासकी.

तुला फोनवर नुसतं एवढंच कळलं, की बस रद्द कर आणि आत्ता दवाखान्यात जा. पत्राशिवाय मला सगळं सांगता येत नाही, म्हणून हे.

तुझं पत्र आलं तेव्हा सायकलवाली ताई माझा पाय वर-खाली करत होती. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. बदकासारखी वाचलं तेव्हा मी हसले. ती हसली नाही. माझा पाय तिच्या हातात तसाच राहिला. अंगठीचं पुन्हा वाचा म्हणाली, डोक्याचं पुन्हा वाचा म्हणाली. मग तिने सांगितलं, की ही सूज साधी नसेल, पोटुशा बाईचा रक्तदाब असा चढला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. अशा बाईने रात्रभर बसमध्ये बसायचं नसतं. आणि इथे येऊन तरी काय, आपल्या दवाखान्यात एक खाट, अवघड बाळंतपण आलं की मोठ्या गावी पाठवतात, तेही गाडी मिळाली तर. तुझं मोठं इस्पितळ तिकडे घरापासून हाकेच्या अंतरावर. तिने बसल्या जागीच तुला फोन लावला, तो तू घेतलास.

मग ती माझ्याकडे वळली. मीच म्हटलं, की काठी दे, खिडकीवर जाते.

खिडकीवर रांग होती. माझ्यापुढे एक रोजंदारीवरचा गवंडी, हात बांधलेला. मागे जुळी घेतलेली एक बाई. ज्याचं त्याचं वेगळं गाऱ्हाणं. खिडकीवाला वयाने तुझ्याएवढाच, पण कपाळाला आठ्या माझ्याएवढ्या. मी म्हटलं, माझ्या नातीचं नाव कमी करायचं आहे. त्याने कारण विचारलं आणि स्वतःच वाचून दाखवलं, मयत का. मी म्हटलं, जीभ चाव मेल्या, सात महिन्यांची पोटुशी आहे ती! जुळ्यांची आई फिसकन हसली, तोही ओशाळला. मग म्हणाला, की आजी, नियम असा आहे, कर्त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ती इथे राहत नाही. मग मी कमी करतो.

भिंगरे, एवढंसं वाक्य. मी गल्लीभर तोंड चालवणारी बाई, मला ते येईना. मी त्याला तुझ्या पलंगाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, दुपट्यांचं सांगितलं. तो ऐकत राहिला, मागची रांगही ऐकत राहिली. शेवटी बाजूला थांबलेला गवंडी म्हणाला, सांगून टाका आजी, लेकरू वाट बघतंय तिकडे.

म्हणाले. ती इथे राहत नाही. तिचं घर तिकडे आहे.

खिडकीवाल्याने तिथल्या तिथे तुमच्याकडच्या कचेरीत फोन केला आणि नाव इकडून सुटल्याचं कळवलं. आता तपासणी, औषधं, इस्पितळ, सगळं तुझ्या हक्काचं. एकही खेप चुकवलीस तर मी खुब्यासकट येईन.

निघताना मी त्याला विचारलं, की इथे राहत नसलेलं माणूस इथे येऊन राहिलं तर चालतं का. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग नीट म्हणाला, की पाहुण्यांना आम्ही काही विचारत नाही आजी, कितीही येऊ देत, कितीही राहू देत.

तेव्हा बाळंत हो, टाके वाळू देत, डॉक्टर हो म्हणू देत, आणि मग लोणी कडेवर घेऊन पाहुणी म्हणून ये. फक्त पाहुण्यासारखं बाहेर उभं राहून दार वाजवू नकोस. तेवढं मला सोसायचं नाही.

जावयांना आशीर्वाद, या खेपेला पूर्ण. लोभ जिथे आहेस तिथून कर.

तुझी,
आजी