‘छान आहे, पण’च्या पुढचे ऐकायचे राहिल्याबाबत

दि. ११ मार्च २०१९

प्रति,
मा. केंद्र संयोजक,
दूरशिक्षण अभ्यासकेंद्र, डहाणू,
जि. पालघर.

विषय : प्रकल्पावरील अभिप्राय पुन्हा ऐकवण्याबाबत किंवा लिहून देण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या प्रकल्पावर फोनवर आलेला आवाजी अभिप्राय (मी ऐकलेला नाही).
२) त्याबाबतच्या तक्रारीला आलेले उत्तर (तेही ऐकलेले नाही).

महोदय,

गेल्या महिन्यात एका दुपारी घरात सगळे सामसूम असताना पडवीतल्या पिशवीत फोन टिंग करून वाजला. मी तेव्हा हापशीवर पाण्याला गेले होते. सासूबाईंनी सांगितले त्यावरून लिहीत आहे.

आमच्या पाड्यावर रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबाशी येते, म्हणून फोन तिथेच कापडी पिशवीत टांगलेला असतो. माझे पती अच्छाडला धाब्यावर कामाला आहेत. सासूबाई तुळशीबाई यांना वाचता येत नाही, त्यामुळे पती जे काही असेल ते बोलूनच पाठवतात, आणि ते आजीला लावून द्यायचे काम माझी मुलगी हिरू, वय वर्षे चार, हिच्याकडे आहे. आमच्या घरात फोनमधला आवाज सगळ्यांचा असतो. हिरूने नेहमीप्रमाणे बटण दाबले. बाबांऐवजी आपले सर बोलले.

यंदापासून अभिप्राय एकदाच ऐकता येईल, विद्यार्थ्यांनी तो एकमेकांना पाठवू नये म्हणून, असे आपल्या सूचनेत होते. मी हंडा उतरवून येईपर्यंत पडद्यावर ‘अभिप्राय ऐकला’ असे आले होते.

दोघींकडे मी वेगवेगळी चौकशी केली. हिरूने सांगितले, “सर म्हणाले, छान आहे, पण.” पुढे काय, असे विचारल्यावर म्हणाली की पुढे खूप होतं. सासूबाई म्हणाल्या, “मानूस बेस बोलला. पन जेवला नसंल, आवाज खोल गेलता.” प्रकल्प नागलीच्या शेतीत बायका करतात त्या कामावर आहे आणि त्यातली निम्मी माहिती सासूबाईंचीच आहे. आपलं काय चुकलं, हे त्याही मला रोज विचारतात. पतींना कळवले तर त्यांचा आवाज आला, की हिरूलाच परीक्षेला बसव, तिनं ऐकलंय.

मी टमटमने केंद्रात येऊन गेले. खिडकीवरच्या मॅडम नीट बोलल्या. सिस्टीममध्ये ऐकले असे दिसते म्हणजे तुम्ही ऐकले, सर बाहेरगावाहून बोलतात, कोणाला काय सांगितले ते त्यांच्याही लक्षात राहत नाही, तक्रार ऑनलाइन करा, असे त्यांनी सांगितले. तक्रार मी तिथेच उभ्या उभ्या केली. घरी येऊन हिरूला ताकीद दिली की फोनला अजिबात हात लावायचा नाही.

तक्रारीचे उत्तरही आवाजातच आले. मी त्या दिवशी जावेच्या माहेरी हळदीला मुक्कामी होते. हिरूने हात लावला नाही. दुसऱ्या कोणी लावू नये म्हणून तिने आजीकडून पिशवीच भाताच्या कणगीत ठेवून घेतली, वर सूप झाकले आणि मला काही सांगितले नाही. मी परतून फोन शोधून खांबाशी आणला तेव्हा त्यावर ‘मुदतीत ऐकले नाही, सबब तक्रार निकाली’ असे होते. एकदा ऐकले म्हणून बंद, एकदा ऐकले नाही म्हणून बंद. मुलीला रागावणार होते, पण तिने मी सांगितले तेच केले होते.

मग ‘पण’च्या पुढे काय असेल ते मनानेच धरून मी प्रकल्प दुरुस्त केला. शुद्धलेखन पाहिले, शेवट बदलला, सासूबाईंच्या तोंडचे शब्द काढून पुस्तकातले घातले. त्यावर ‘अभिप्रायानुसार दुरुस्ती केलेली नाही’ असे आले. कदाचित जे छान होते तेच मी काढून टाकले असेल.

दुरुस्त प्रकल्प महिनाअखेर गेला नाही तर मला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसता येणार नाही. पुढच्या वर्षी बसा, असे मॅडम म्हणाल्या. मला जुलैत दुसरे बाळंतपण आहे. हिरू निजते तेवढ्याच वेळात मी आजवर सगळे लिहिले आहे. दोन मुले एकाच वेळी निजत नाहीत.

सबब विनंती की सरांनी मूळ प्रकल्प पुन्हा एकदा बघावा. सोबत प्रत जोडली आहे, समास मुद्दाम मोठा सोडला आहे. पेन्सिलने एक ओळ लिहिली तरी चालेल. ‘छान’ नाही लिहिले तरी चालेल, ‘पण’पासून लिहावे. मी ते सासूबाईंना वाचून दाखवीन.

उत्तर कागदावर येईल या आशेवर,

आपली नम्र विद्यार्थिनी,
(सही)
सौ. योगिता मिथुन धोडी
सावरपाडा, ता. तलासरी

सोबत : १) मूळ प्रकल्पाची प्रत. २) माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट.

ता. क. अर्ज पाकिटात घालताना हिरूने एक विचारले. ते आपल्याकडेच लिहून पाठवते : “आई, मी ऐकलं ते कुठं गेलं? सरांकडे पण नाही का आता?”