मामाचे केस

सोमवार, ३ मार्च
आज पुन्हा तेच. ऑफिसातून आलो तर खारू खुर्चीवर उभी, हातात कंगवा, दातांत पिन. पुढ्यात मेहुणा मान खाली घालून मुकाट बसलेला. सहा वर्षांची पोर, पण ऐट अशी की दुकान तिच्याच मालकीचं! म्हटलं, ये, आता बाबाचा नंबर. तिने माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं.
"बाबा, तुझ्याकडे काही कामच नाही."
मेहुणा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
ही गेल्याला पाच महिने झाले. मेहुणा — हिचा धाकटा भाऊ — तेव्हापासून आमच्याकडेच राहतो. खारूला शाळेतून आणतो, भांडी घासतो. त्याच्याविरुद्ध बोलायला मला तोंड नाही. म्हणून इथे लिहितो. मला त्याचे ते मानेवर रुळणारे केस बघवत नाहीत.

बुधवार, ५ मार्च
खारूचं वेड जुनंच. रोज संध्याकाळी ही जमिनीवर बसायची आणि खारू तिचे केस विंचरायची. आता गिऱ्हाईक बदललं, एवढंच. पण घरात बाप असताना मामा कशाला?

रविवार, ९ मार्च
बायोटिन, झिंक आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. औषधवाला म्हणाला, तीन महिने धीर धरा. शिवाय सकाळी दोन अंडी, पालक, भोपळ्याच्या बिया. ही गेल्यापासून जेवणाचं मनावर घेतलंच नव्हतं. डबा निम्मा परत यायचा.

शनिवार, १५ मार्च
उशीवर एकतीस केस.

गुरुवार, २७ मार्च
मेहुणा काय खातो यावर नजर ठेवून आहे. सकाळी चहा-बिस्किट. पालकाला शिवत नाही. शेवटी विचारलंच, तू खातोस तरी काय?
"दाजी, तुम्ही ताटात टाकता ते."
आणि तरी कंगवा अडकेल असे केस!

रविवार, २० एप्रिल
उशीवर चोवीस. गोळ्यांचा गुण? आरशात मात्र माळरान. खारूला बोलावून कानामागचे नवे केस दाखवले. तिने बोट फिरवलं, अजून लहान आहेत म्हणाली, आणि मामाकडे पळाली. मी दार जरा जोरातच लावलं.

मंगळवार, १३ मे
त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या — आता पाच झाल्यात. म्हणाल्या, रक्त द्यायच्या आधी बायोटिन बंद करा, काही तपासण्यांचे आकडे त्याने चुकतात. लाज वाटली. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमुना शुद्ध ठेवा म्हणून लोकांना मीच ओरडतो.

शुक्रवार, २३ मे
रिपोर्ट आला. लोह कमी, बाकी ठीक. लोहाची गोळी घ्या म्हणाल्या. कमतरता असेल तिथेच गोळीचा उपयोग, माझ्या पाचही बाटल्या उगाच. अन्न सुटल्यामुळे, धक्क्यामुळे जे गळले ते बरेचसे परत येतील. पण टाळूवरचे गेले तो वडिलोपार्जित मामला. तिथे बिया आणि मासे काही करत नाहीत. वेगळी औषधं आहेत, आहे ते टिकवायला बरी, पण फार आशा नको.
मग विचारलं, "एवढी घाई कसली? लग्नबिग्न आहे का?"
मी म्हणालो, मुलीला विंचरायला हवेत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

रविवार, १ जून
मेहुणा बाहेर गेला होता. खारू कंगव्यातले केस काढत बसली होती. धीर करून विचारलं, मामाचेच का गं? माझे कानामागचे चालत नाहीत?
म्हणाली, "मामा गप्प बसला ना, की मागून आई असते."
मग माझ्या कानाशी येऊन, "त्याला सांगू नकोस. तो हलेल."

सोमवार, २ जून
आज उशीवरचे केस मोजले नाहीत.

रविवार, ८ जून
मेहुणा केस बारीक कापून घ्यायला निघाला होता. उकडतं म्हणाला. मग चप्पल घालता घालता, "तुम्हालाही बरं वाटेल, दाजी." म्हणजे त्याला सगळं कळत होतं.
मी म्हटलं, नको. बस.
तो बसला. मीही बसलो, त्याच्या मागे.