बैलाले पाणी पाजलं का?

मुंबई, ११ मार्च १९८३

माय,
शालिकचा नमस्कार. बाबा दोन घास जेवतात, तू काळजी नोको करू. लहान्या कोकिळाचा ताप उतरला का?

काल डॉक्टरनं बाबाच्या मणक्यांमधल्या गाद्यांत सुईनं औषध सोडलं. दर सुईले विचारे, "घरी येते तशीच कळ आली का?" जिथं तशी कळ येईल तीच गादी खराब, तिचंच ऑपरेशन, म्हणे. बाबा "नाई" म्हणत राह्यले. शेवटच्या सुईले एकदम म्हणाले, "बैलाले पाणी पाजलं का?" डॉक्टर हसले. रिपोर्टात सगळं ठीक लिहिलं. आता ऑपरेशन नाई.

कळ सहन झाली नाई की बाबा बैलाचं विचारतात, हे आपल्या घरालेच ठाऊक. मी डॉक्टरले सांगतलं. ते म्हणाले, असं धरता येत नाई.

उद्या निघतो. बाबा सकाळपासून बैलाचंच विचारून राह्यले. मी पाजलं म्हणतो.

तुझा शालिक