खांबावरच्या खुणा

ठाणे, सोम. ४ जाने. ५४
हिचा गुडघा बरा. लेकाचा, बापूचा, खोकला उतरला. सूनबाईला अजून अन्न गोड लागत नाही. शाळेच्या वाचनालयात शब्दकोशाची पाठ पुन्हा उसवलेली. खळ लावून दाबून ठेवला. आम्ही वाचनालयाचे शिपाई, चौथी पास, पण पुस्तकांची शुश्रूषा येते.
भूगोलाच्या सुशीलाबाई आल्या. सातवीच्या मुलांनी एकेक गोष्ट आपली आपण शोधून लिहायची म्हणतात. ठरलं असं: प्रश्न मुलांचा, पुस्तक मी काढून द्यायचं, उत्तर दोघांनीही सांगायचं नाही. माझ्या जिभेला हे पथ्य जड जाणार.

शुक्र. ८
कोळीवाड्यातली अंजनी. प्रश्न: भरती रोज त्याच वेळी का येत नाही? चंद्रावरचं पुस्तक दिलं, भरतीच्या वेळांचं पंचांग दिलं. पोर धक्क्याच्या खांबावर खिळ्यानं खुणा करते, मग धावत दुकानातलं घड्याळ बघून वेळ टिपते.

मंगळ. १९, पौर्णिमा
अंजनीनं आपल्या सगळ्या वेळा खोडून पंचांगातल्या उतरवल्या.
"अगं, का?"
"पंचांग खोटं कसं आजोबा? मंग माजंच चुकलं."
पंचांगातल्या वेळा मुंबई बंदराच्या. तिथलं पाणी खाडीतून इथवर यायचं तर उशीर होणारच. ओठांपर्यंत आलेलं. सु.बाईंनी डोळ्यांनी दटावलं. पोर मान खाली घालून गेली.

बुध. २०
सु.बाईंशी वाजलं. म्हटलं, "भुकेल्या लेकराला नुसता घासाचा वास देता तुम्ही."
"काका, सांगू नका. पान काढून ठेवा."
'मुंबई बंदर' छापलेल्या पानात लाल दोरा घालून ठेवला. उद्या येईल तेव्हा...

शुक्र. २२
दोरा तसाच. अंजनीच्या शेजारची पोर गोदी सांगत होती, मावशी बाळंत झाली म्हणून अंजनीला खडवलीला नेलं.
"परत कधी?"
"तिची आई म्हनते, आता पुरे झाली शाळा."
जेवण गेलं नाही.

सोम. २५
सु.बाईंनी अंजनीचा कागद खिडकीशी धरला. खोडलेले आकडे खालून दिसतात. कागद जपून ठेवला. आज तिच्या आईला भेटायला बाई धक्क्यावर जाणार. तोवर दोघांनी मिळून कार्ड टाकलं:
"चि. अंजनी, मावशीची तब्येत कशी? बाळ दूध पितं ना? तू वेळेवर जेवतेस ना? पंचांगात तुझ्यासाठी दोरा घातलाय, तो काढायला तूच ये. तिथल्या नदीला भरती येते का? खांब नसला तर दगडावर खूण कर. काय दिसतं ते लवकर लिही, बाळ. पंचांगात असो वा नसो."