टाकीवरचं पांघरूण

१४ मे, दुपार

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला थांबला का? आम्ही इकडे बऱ्या आहोत, म्हणजे या उन्हात जितकं बरं असता येतं तितकं. फोनवर तुम्ही आणि मी दोघीही पटकन तापतो, म्हणून लिहायला बसले.

रविवारी गाडी घेऊन लेकीला न्यायला येताय, असं कळलं. जरूर या. पण निघण्याआधी हे वाचा.

तुमची लेक गच्चीवर नेमकं काय करते, ते मलाही बरेच दिवस कळलं नव्हतं. बिनमातीची शेती म्हणजे बिनपाण्याचं पोहणं, असं मी चारचौघांत म्हणून दाखवलं होतं. आडवे पांढरे पाइप, त्यांना भोकं, भोकांत सलाडची रोपं. मुळं आत लोंबतात आणि टाकीतलं खत घातलेलं पाणी पंपानं त्यांच्याखालून फिरत राहतं. दिसायला सोपं. पण आमच्या गच्चीवर भर दुपारी अनवाणी गेलं तर नाचतच परत यावं लागतं. पानं एक वेळ ऊन सोसतात, मुळं नाही सोसत. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, मुळं गुदमरतात आणि सडतात.

तर या पोरीनं टाकी जिन्याच्या सावलीत सरकवली, तिला पांढरा रंग दिला, रोपांवर जाळी बांधली, माशांच्या टाकीत असतो तसला बुडबुड्यांचा पंप आत सोडला. शिवाय मजल्यावरच्या सगळ्या घरांच्या फ्रीजरमध्ये हिच्या पाण्याच्या बाटल्या! गोठल्या की बुचासकट टाकीत सोडायच्या, वितळल्या की परत फ्रीजरमध्ये. सुटा बर्फ टाकायचा नाही, खत पातळ होतं. समोरची टायपिस्टबाई कुणाला वाटीभर साखर देत नाही, तिनं हिच्यासाठी अख्खा फ्रीजर रिकामा केला. कसं पटवलं देव जाणे. थर्मामीटर तर दिवसभर टाकीत. माझ्या तापात कुणी इतक्यांदा बघितलं नव्हतं, असं मी म्हटलं, तर म्हणते, तुम्ही तोंडानं सांगता तरी.

मला कौतुक करायची सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण हिच्यापुढे मी हात टेकले. नवरा निघून गेल्यावर बायका रडतात, भांडतात, माहेरी जातात. ही गच्चीवर गेली.

बघा, जे लिहायचं टाळत होते ते आलंच. माझा मुलगा दुसरीकडे संसार थाटून बसलाय, घटस्फोटाच्या कागदावर सह्याही झाल्यात. तुम्ही फोनवर विचारलंत, माझी मुलगी आता तुमच्या घरात कोणत्या नात्यानं राहते? मी फोन ठेवून दिला. मग तुम्ही तिला अट घातलीत. हा एक उन्हाळा. पीक तरलं आणि हॉटेलातल्या आचाऱ्यानं सलाड कायमचं घ्यायचं कबूल केलं तर राहा, नाहीतर मुकाट्यानं घरी ये. अट रास्त होती. तुमच्या जागी मीही तीच घातली असती.

गेल्या आठवड्यात अर्धं पीक गेलं. उन्हानं गेलं, असं तिनं तुम्हाला सांगितलं. ते खोटं आहे, विहीणबाई. ते मी घालवलं.

टाकीभोवती गुंडाळायला तिला जाड पांघरूण हवं होतं. माळ्यावरून घे म्हटलं, तर तिच्या हाताला नेमकं माझ्या मुलाचं लागलं. धुऊन, डांबरगोळ्या घालून ठेवलं होतं मी, तो कधी आला तर म्हणून. ती आचाऱ्याकडे गेली होती. मी बाटल्या घेऊन वर गेले आणि बघते तर ते टाकीला दोरीनं आवळलेलं, निम्मं ओलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच पाणी तापलेलं, त्याला पांघरूण कसलं घालतेस, असं पुटपुटले, पण ती सबब होती. ओढून काढलं, खाली आणलं आणि उशाशी घेऊन पडले. बाटल्या वर तशाच उन्हात राहिल्या.

ती आली तेव्हा टाकीजवळच्या रांगांनी माना टाकल्या होत्या. मुळं तपकिरी, बुळबुळीत. तिनं माझा हात धरून टाकीत बुडवला. पाणी चहासारखं.

"आई, पांघरूण ऊब देत नाही," ती म्हणाली. "बाहेरचं बाहेर ठेवतं, एवढंच."

आवाज चढवला नाही, माझ्या मुलाचं नाव काढलं नाही. तुम्हाला फोन करून सगळं उन्हावर ढकललं आणि खरं कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. मी शेजारी बसून ऐकत होते आणि गप्प राहिले, याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेतली. ते पांघरूण टाकीच्या मापानं कापलं, नाड्या शिवल्या आणि माझ्या हातानं बांधून आले. कापताना रडले. नंतर बरं वाटलं.

उरलेली रोपं तरारलीत. काल आचारी स्वतः गच्चीवर आला, उभ्या उभ्या पान चावलं आणि म्हणाला, या दिवसांत असं कुरकुरीत पान मला कुणी दिलेलं नाही. पण अर्ध्या मालावर तो कायमचा शब्द देणार नाही, पूर्ण खेप बघायची म्हणतो. मी तिला म्हटलं, आईकडे आणखी एका खेपेची मुदत माग. ऐकत नाही. अट म्हणजे अट, म्हणते, आणि आत बॅग भरतेय. म्हणून शपथ मोडून मी मागते. अशी मुलगी तुम्ही घडवलीत, तर तिच्यासाठी तुमच्यापुढे पदर पसरायला मला कमीपणा नाही.

रविवारी तिला माझ्यासमोर विचारा. जाते म्हणाली, तर बॅग मी स्वतः गाडीपर्यंत आणीन. पण हरली म्हणून नेऊ नका, ती हरलेली नाही. नात्याचं विचारलंत, त्याला माझ्याकडे नाव नाही. मला ती हवी आहे, एवढंच मला सांगता येतं.

तुमची,
तुम्ही अजून मानत असाल तर, विहीण