गिळायचा ब

२ फेब्रुवारी, रविवार
माझी सिंधी सुटून राहिली! आज काजलचा जयपूरहून फोन आला. तिच्या लेकीबद्दल विचाराले गेली तर शब्दच आठवेना.
लहानपणी जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत काजलच्या घराले लागून आमची भाड्याची खोली होती. तिच्यासोबत खेळता खेळता सिंधी आपोआप आली. मराठी पोरगी फाडफाड बोलते म्हणून दुकानदार गोळ्या फुकट द्यायचे. आता आईबाबा सावनेरले, मी बँकेत, शहराच्या दुसऱ्या टोकाले मानेवाड्यात भाड्यानं एकटी. बोलू कोणाशी — कपाटाशी?

९ फेब्रुवारी
काजलच्या आईकडे गेली. ईश्वरी आंटी आता एकट्याच राहतात. मी दारातूनच सिंधीत सुरू झाली. त्या हिंदीत — आओ बेटा, बैठो. कितीदा बोलली, तरी उत्तर हिंदीतच. शेवटी विचारलं, काहून असं? म्हणाल्या, अंकल गेले तशी घरात ऐकणारं कोणी नाही, सवयच मोडली. नात फोनवर इंग्रजी बोलते.
ठरलं मग. दर रविवारी मी येईन. पापड लाटायचे, अन् हिंदी बंद.

१६ फेब्रुवारी
"आहे" सिंधीतही "आहे"च, तेवढं सोपं. पण त्यांचा एक ब आत गिळून काढावा लागते. तो पार विसरली. "बार" म्हणताना तो नीट गिळला तर लेकरू, नाही तर ओझं. मी मोठ्या प्रेमानं विचारलं — काजलचं ओझं कसं आहे? आंटी लाटणं ठेवून हसत बसल्या. मग आरशापुढं उभं करून तोंड कसं ठेवायचं ते दाखवलं. गाल दुखून राहिले.

१९ फेब्रुवारी
स्वप्नात भाजीवाल्याशी भांडली. सिंधीत!

२ मार्च, रविवार
आंटी न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, मुका मार आहे. काजलले मीच कळवलं. ती शुक्रवारी येते, मम्मीले कायमची जयपूरले नेते म्हणाली. बरोबरच आहे तिचं. मी आंटीले सिंधीत म्हटलं, जा तुम्ही. एकही चूक नाही झाली.
घरी आली. जेवण गेलं नाही.

८ मार्च
कालपासून मायलेकींचं भांडण चालू. आंटी म्हणतात, तिकडं सगळे चांगले आहेत, पण दिवसभर ऑफिसात अन् शाळेत. मी भिंतीशीच बोलू का? काजल म्हणते, अन् इथं पडली तर उचलणार कोण? मी मध्ये बसून चहा पीत होती. दोघींचंही मले पटत होतं.

९ मार्च, रविवार
जायच्या आधी काजलनं मले बाजूला घेतलं. मम्मीच्या घरातल्या तिच्या जुन्या खोलीची चावी हातात ठेवली.
"मम्मी येत नाही. तू इथं राहाले ये."
उद्या घरमालकाले मानेवाड्याची खोली सोडते म्हणून सांगते.